करवंदीच्या जाळीतला वरडा

शाहूवाडीच्या माळाला लागून कालिंदीचं भाताचं खाचर हाय. बांध कवाच सपाट झालेला, त्याची खूण म्हंजी त्यावरची करवंदीची जाळी. त्या जाळीत नखाएवढा किडा ऱ्हायचा. चैतात ऊन तापलं की असा किर्र वरडायचा, डोस्क्यात खिळा ठोकल्यागत. जवळ गेलं की गप, पाठ फिरवली की सुरू. दिसायचा न्हाय मुडदा.

पलीकडचं रान विजयसिंहाचं. नात्यानं चुलत दीर, पर दोघांत इस्तू जात न्हवता. जाळी काटेरी, म्हनून त्याचं औत कधी अलीकडं सरकलं न्हाय. त्या काट्यांवर कालिंदीचं खाचर टिकून हुतं.

एकदा ती तरवा, म्हंजी भाताचं रोप टाकायची जागा, पाला पेटवून भाजत हुती. विजयसिंह बांधावर आला.

"वैनी, किडा वरडतोय का तुमी? सकाळधरनं एकच टकळी!"

"भावजी, घरात कोन बोलत न्हाय म्हनून माझ्या जाळीला कान लावताय व्हय?"

"मग जाळा की. का काडी वडायला बी भ्या वाटतंय?"

झालं! कालिंदीचं डोस्कं भडाकलं. तरव्याचा इस्तू घेतला नि जाळीत सारला. वाळकं पान फुलबाज्यागत तडतडलं. किडा गप झाला. कालिंदी म्हनली, "आता बोल!" नि घरी येऊन चार घास ज्यादा खाल्ली.

पुढल्याच आठवड्यात विजयसिंह पावर टिलर घेऊन आला नि सरळ तिच्या रानात घुसला.

"माझं रान हाय ते!"

"बांध कुठाय? दाखवा की वैनी!"

काळी राख सगळीकडं. कालिंदीच्या पायाखालची जमीन सरकली. काडी कुनी वडायला लावली, आत्ता उमगलं तिला. जाळीच्या राखेत दोन सऱ्या वडून टिलर धाडदिशी आदळला. पातं करवंदीच्या बुडख्यात अडाकलं हुतं. वरचं जळालं, मूळ कुठं जळतंय? कालिंदी धावली नि बुडख्यावर फतकल मारून बसली.

"ह्यो माझा बांध! चालव माझ्या अंगावरनं, हाय का छाती?"

विजयसिंहानं आईमाई काढली. ती हलली न्हाय. दिवस कलल्यावर टिलर माघारी गेला. पर नांगारलेलं तेवढं त्यानं सोडलं न्हाय, आज बी त्याच्याच घशात हाय.

पावसात बुडख्याला कोंब फुटलं. किड्याचं बेणं मुळाशी मातीत ऱ्हायलं असंल. औंदा चैतात कवळ्या फांदीवरनं पुन्हा किर्र झालं. विजयसिंह पलीकडं भाकरी खात हुता.

कालिंदी कमरंवर हात ठिऊन म्हनली, "वरड मुडद्या! त्याच्या कानात जाऊन वरड."