भरलेली बॅटरी

त्या दिवसांत संध्याकाळी वडिलांची होडी काठाला लागली की मी आधी बॅटरीकडे धावायचो. वरचं गोणपाट सारायचं, बूच फिरवून काढायचं, काचेची नळी आत घालायची आणि रबरी फुगा दाबून थोडं ॲसिड वर ओढायचं. नळीत एक कांडी तरंगते. ती उंच तरंगली आणि तिची हिरवी पट्टी दिसली म्हणजे बॅटरी भरलेली. पांढरी दिसली म्हणजे अर्धी, लाल दिसली म्हणजे संपत आलेली. हिरवी पट्टी दिसेपर्यंत माझ्या घशाला कोरड पडलेली असायची. वडील तोवर माशांच्या पाट्या उचलायला निघालेले असत आणि आई त्यांच्या हातातून त्या काढून घेत असे.

ही मुळा धरणाकाठची गोष्ट. दुष्काळ सरून धरणात पुन्हा पाणी चढलं होतं. आम्ही नदीवर मासे धरणारी माणसं, आणि नदीचा असा समुद्र झालेला पाहून पहिल्यांदा आमची छाती दडपली होती. वडिलांची मात्र नाही. पलीकडच्या काठाजवळ, बुडालेल्या बाभळींच्या रानात मासा जास्त म्हणून ते रोज तिकडेच जायचे. सकाळी जाळी काढायला, दुपार कलली की लावायला.

मी त्यांचा एकुलता एक मुलगा आणि मला वल्हं मारता येत नाही. मी वल्हं धरलं की होडी जागच्या जागी गोल फिरते. यावर आमच्या वस्तीत इतकी टिंगल झाली की मी पाण्याचा नाद सोडून केडगावला एका बॅटरीच्या दुकानात काम शिकायला गेलो. तिथले उस्ताद तोंडाने फाटके आणि हाताने सोन्यासारखे. त्यांच्याकडून शिकून आलो आणि धरणाच्या कॉलनीजवळ टपरी टाकली. कॉलनीत वीज होती. कालव्याच्या कामावरचे ट्रक आणि जीपगाड्या यायच्या, त्यांच्या बॅटऱ्या आणि डायनॅमो मी दुरुस्त करायचो.

अशात एका सकाळी वडिलांच्या छातीत कळ आली. घामाने निथळत ते काठावर बसून राहिले. त्यांना जीपमध्ये घालून आम्ही नगरला नेलं. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की यांनी यापुढे वल्हं मारायचं नाही. बसल्याजागी हलकं जाळं हळूहळू ओढलं तर चालेल, पण वल्हं हातात घेतलं तर पुढचा झटका यायला वेळ लागणार नाही.

घरी आल्यावर वडील ओट्यावर बसून दिवसभर पाण्याकडे बघत राहायचे. जेवण तुटलं, बोलणं तुटलं. हे आजारापेक्षा वाईट होतं. मी म्हणालो, मी येतो होडीवर. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही.

मग मला सुचलं. जुन्या जीपचा डायनॅमो माझ्याकडे पडून होता. डायनॅमो फिरवला तर वीज देतो, आणि त्याला वीज दिली तर तो मोटरसारखा फिरतो. लोहाराकडून लांब दांडा आणि पत्र्याची पाती करून घेतली, सगळं होडीच्या मागच्या अंगाला बसवलं आणि केडगावहून उस्तादांकडून नव्या प्लेटा घातलेली एक बॅटरी आणली. होडी चालली. घरघर करत, म्हशीच्या चालीने, पण चालली. वडील हसले. आजारानंतर पहिल्यांदाच.

आणि माझ्या मागे घोर लागला. मोटर चालेल तोवर वडील वल्हं धरणार नाहीत, आणि बॅटरी असेल तोवरच मोटर चालेल. मधेच पाण्यात बॅटरी बसली तर? त्या धरणावर दुपारनंतर वारं सुटतं आणि लाटा उठतात. मला दुकानात बसल्याबसल्या दिसायचं, होडी मधोमध थांबलेली आहे आणि वडील वल्ह्याकडे हात नेताहेत. गिऱ्हाईक समोर उभं असायचं आणि मी भलत्याच बॅटरीचं बूच काढत असायचो.

म्हणून मी बॅटरीच्या मागे हात धुवून लागलो. उस्तादांनी बजावलं होतं की बॅटरी निम्म्याखाली कधी उतरू द्यायची नाही, उतरली की प्लेटांवर पांढरं धरतं आणि तिचं आयुष्य घटतं. ते मी वडिलांना इतक्यांदा ऐकवलं की त्यांना पाठ झालं. मोटर सारखी चालू ठेवायची नाही. थोडी चालवायची, बंद करायची, होडी आपल्या वेगाने जाईल तेवढी जाऊ द्यायची. बॅटरीवर पाणी उडता कामा नये, खाली लाकडाची फळी, वर गोणपाट. रोज संध्याकाळी मी ती टपरीवर नेऊन चार्जिंगला लावायचो आणि पहाटे परत आणून द्यायचो. वायर जोडायच्या तोंडांना व्हॅसलिन चोळायचो. सेलमध्ये डिस्टिल वॉटर सोडून दुसरा थेंब जाऊ द्यायचो नाही. आई म्हणायची, सून आणली असतीस तर तिचंही एवढं केलं नसतंस.

वडिलांनी सगळं निमूट ऐकलं. याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं, कारण त्यांनी आयुष्यात कोणाचं निमूट ऐकलेलं नव्हतं.

बॅटरी तर अशी टिकली की विचारू नका. आठवडे गेले, महिना गेला, कांडी रोज हिरव्यात. मी सुखावलो. वडील काठावर उतरायचे ते तोंड धुतलेले, केस ओले करून मागे सारलेले, ताजेतवाने. मला वाटायचं, माणूस सुधारतोय. केडगावला गेलो तेव्हा उस्तादांपुढे फुशारकी मारली. ते म्हणाले, दुरुस्त केलेली बॅटरी मोटरवर चालून रोज भरलेली परत येत नसते, तुझी नळी तपास. मला राग आला. नळी चांगली होती.

मग पाऊस लागून राहिला आणि होडी दोन दिवस काठावर होती, तेव्हा मी डायनॅमो साफ करायला खोलला. आत कार्बनचे दोन तुकडे असतात, होडीवर बसवताना ते मी नवे घातले होते. डायनॅमो फिरला की ते घासतात आणि झिजतात, वापर जितका जास्त तितके आखूड. ते काढून मी तळहातावर घेतले. होते तसेच होते. धारासुद्धा मोडल्या नव्हत्या. मी पुन्हा पुन्हा उलटे करून पाहिले. रोज पलीकडच्या काठापर्यंत जाऊन येणाऱ्या मोटरचे ते कार्बन नव्हते.

घरी काही बोललो नाही. पाऊस उघडल्यावर दुपारी टपरी बंद केली आणि काठावरच्या टेकडीवर चढलो. आमच्या काठावरून निघालेली होडी त्या टेकडीच्या टोकाला वळसा घातला की दिसेनाशी व्हायची. वरून मात्र सगळं पाणी उघडं दिसत होतं.

वडील घरघरत आले. टोक ओलांडलं आणि मोटर थांबली. त्यांनी वाकून बॅटरीची वायर काढली, गोणपाट नीट चारी बाजूंनी खोचलं, झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसं. मग जाळ्याखालून दोन्ही वल्ही ओढून काढली. ती अडीअडचणीला म्हणून मीच होडीत ठेवू दिली होती.

ते वल्हवू लागले. मी ओरडलो. वारं माझ्या तोंडावर होतं, माझा आवाज माझ्याच मागे जात होता. ते दमादमाने ओढत होते, थांबत होते, पुन्हा ओढत होते. पाण्याच्या मध्यावर गेल्यावर एकदा ते वल्ह्यांवर वाकले आणि तसेच राहिले. होडी आडवी होऊन वाहत चालली. मी खडकावर उभा होतो, पोहायला गेलो असतो तर निम्म्यात बुडालो असतो, आणि दुसरी होडी आणायला काठ लांब होता. मला काहीही करता येत नव्हतं. आयुष्यात इतका मी कधी घाबरलो नाही, नंतरही नाही.

मग त्यांनी मान वर केली आणि पुन्हा वल्हं टाकलं.

जाळी लावून ते परत येईपर्यंत मी तिथून हललो नाही. टेकडीच्या टोकाजवळ त्यांनी वल्ही लपवली, ओंजळीने तोंडावर पाणी मारलं, केस मागे सारले, श्वास बसेपर्यंत थांबले. मग वायर जोडली आणि घरघरत आमच्या काठाकडे निघाले. मी काटेरी वाटेने पळत खाली आलो.

आई नेहमीसारखी काठावर उभी होती. मी बॅटरीकडे गेलो नाही. वडिलांचे हात धरले आणि उलटे केले. तळव्यांवर फोड होते, काही फुटलेले. आईने पुढे होऊन ते पाहिले.

"दादा, डॉक्टरांनी काय सांगितलं हुतं?" मी विचारलं.

"डॉक्टरांनी एकदा सांगितलं," वडील म्हणाले. "तू रोज सांगायचास. बॅटरी उतरू द्यायची न्हाई, तिचं आयुष्य कमी हुतं."

"बॅटरी दुसरी मिळंल."

ते खाली बघत म्हणाले, "सांजच्याला ती नळी बघायचास अन् तुजा जीव भांड्यात पडायचा. दिवसभर तू घाबरलेला असायचास. म्हनलं, तेवढं तरी बरं वाटू दे पोराला."

इतके दिवस मी त्यांची काळजी करत होतो आणि ते माझ्या काळजीची काळजी करत होते, छातीवर वल्हं ओढून. मी तिथेच रडलो. त्यांनी फोड आलेल्या हाताने माझ्या पाठीवर थोपटलं, ओशाळल्यासारखं.

आईने वाद घातला नाही. तिने होडीतून एक वल्हं उचललं आणि घरात नेऊन चुलीमागे उभं केलं. एका वल्ह्याने अडीनडीला काठ गाठता येतो, रोजचा फेरा होत नाही. ते वल्हं तिथून कोणी हलवलं नाही.

आणि मी माझे सगळे नियम मोडले. वडिलांना सांगितलं की आता बॅटरी रिकामी करून आणायची. हिरवी पट्टी दिसली तर दुसऱ्या दिवशी मी टपरी बंद ठेवून काठावर बसेन. उस्तादांकडून आणखी एक जुनी बॅटरी आणून जोडीला होडीत ठेवली, म्हणजे एक बसली तर दुसरी. घोर काही गेला नाही. वारं सुटलं की मी अजूनही हातातलं काम टाकून पाण्याकडे बघायचो. पण संध्याकाळी नळी घातली आणि कांडी खाली बुडून लाल पट्टी दिसली की माझ्या घशाची कोरड जायची. वडील बाजूला उभे राहून विचारायचे, "किती हाय?" मी म्हणायचो, "संपली." ते समाधानाने मान हलवायचे आणि पाट्या आईच्या हातात द्यायचे.

ती पहिली बॅटरी अर्थातच फार टिकली नाही. एका दुपारी ती काही केल्या चार्जच घेईना, तेव्हा मी ती एसटीत पायाशी घेऊन केडगावला गेलो. उस्तादांनी झाकण बंद करणारं वरचं डांबर काढून प्लेटा बाहेर ओढल्या. पांढऱ्याफटक पडल्या होत्या, बोट लावलं की भुगा होत होता. उस्तादांचा चेहरा दुखावला. त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेल्या प्लेटा होत्या त्या.

"कुठला ड्रायव्हर आहे हा?" ते म्हणाले. "जरा तरी दया? कुणी मारली ही?"

"वडिलांनी," मी म्हणालो.

उस्तादांना वल्ह्याची हकीगत मी आधी सांगितली होती. त्यांनी हातातली प्लेट खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"रोज जातात?"

"रोज. दोन्ही वेळा."

ते उठले, मागच्या फळीवरून एक भरलेली बॅटरी काढली, फडक्याने पुसली आणि माझ्यासमोर ठेवली.

"घेऊन जा," उस्ताद म्हणाले. "आणि सांग त्यांना, ही पण अशीच मारून आणा."