अमावस्येला पुसलेले टायर

आधी मामांचं सांगतो, मग बाकीचं. मामा माझे सख्खे नाहीत. वारूळवाडीला ज्यांच्या पत्र्याच्या शेडला लागून असलेल्या खोलीत मी राहतो, ते. मी किनवटच्या पुढच्या एका गावचा. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. द्राक्षाच्या छाटणीच्या टोळीबरोबर इकडं आलो, मामांच्याच बागेत काम चालू असताना तापानं पडलो. टोळीला पुढची बाग धरायची होती, ती गेली. मामींनी मला रोज गरम पेज करून पाजली. बरा झालो तेव्हा मामा म्हणाले, “आता कुठं जाता पावणं? ऱ्हा की हितंच. बागंला माणूस लागतोच.”

तेव्हापासून मी तिथंच आहे, आणि ते मला अजून पावणंच म्हणतात. त्यांचे वडील मेंढरं घेऊन लांब लांब फिरायचे. आता दारात थोडी मेंढरं उरलीत, बाकी टोमॅटो आणि द्राक्ष.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं ते त्यांच्याच हातून झालं, आणि ते ऐकून कुणी त्यांना नावं ठेवलेली मला चालणार नाहीत.

घाटघरला मामांच्या ओळखीचे एक जण आहेत. त्यांच्याकडून तांदूळ आणायला मी साध्या सायकलीवर गेलो होतो. परत येताना एका चढाला पुण्याची रेसवाली पोरं चालली होती, चकचकीत हेल्मेट घातलेली. मी त्यांच्या मागं लागलो, सहजच, जरा गंमत म्हणून. वर पोचलो तेव्हा त्यांच्या सायकल क्लबचे सर गाडीतून उतरून माझ्या कॅरिअरवरच्या तांदळाच्या पोत्याकडं बघत उभे होते. पुढं महिनाभरानं त्यांनी क्लबची एक जुनी रेसची सायकल माझ्याकडं दिली. म्हणाले, “सायकल क्लबची, टायर-ट्यूब तुझं तू बघायचं. थंडीत जुन्नर ते पारगाव शर्यत आहे. पहिल्या घोळक्यात आलास तर ही तुझ्याकडं राहील. नाही आलास तर दुसरा एक पोरगा वाट बघतोय.”

एवढंच. पण घरी आईला फोनवर सांगताना मी ते असं सांगितलं, जसं काही मला नोकरीच लागली.

नारायणगावात एका मारवाडी शेटजींचं सायकलचं दुकान आहे. त्यांनी पुण्याहून टायरांची नवी जोडी मागवून दिली. रेसचा टायर बोटाएवढा अरुंद आणि पापडासारखा पातळ असतो. हात लावताना भीती वाटते, आणि हवा मात्र त्यात दगडासारखी कडक भरायची. सर म्हणाले होते, तू चालवतोस तेवढं चालवलंस तरी वर्षभर मरण नाही याला.

सायकल मामांच्या शेडमध्ये, पिकअप आणि ट्रॅक्टरच्या मधल्या जागेत उभी राहायची. दर अमावस्येला मामा दोन्ही गाड्या धुतात, नारळ फोडतात, लिंबू-मिरची बदलतात आणि शेवटी डिझेलमध्ये बुडवलेला फडक्याचा बोळा टायरांवरून फिरवतात. टायर कसे काळेभोर दिसतात. इकडं बहुतेक जण असंच करतात. पहिल्या अमावस्येला मी बागेतून परत आलो तर माझ्या सायकलीच्या सीटखाली लिंबू-मिरची लटकत होती, मुठीला कुंकू लावलं होतं आणि दोन्ही टायर ट्रॅक्टरसारखेच चमकत होते.

“तुमचं बी वाहनच हाय की,” मामा म्हणाले. “त्यालाच कशाला वगळायचं?”

त्या दिवशी मला भाकर गोड लागली. घरापासून इतक्या लांब कुणी आपली वस्तू आपल्या वस्तूंच्या रांगेत धरतं, हे काय लहान आहे?

दिवाळी झाली आणि टायरच्या कडेला बारीक चिरा दिसायला लागल्या. आधी वाटलं माती असेल. ओल्या फडक्यानं पुसलं तर चिरा आणखी स्पष्ट झाल्या. उन्हाळ्यात टाचा फुटतात तशा. बरं, वरचा भाग, जो रस्त्याला घासतो, तो जवळजवळ नवाच. झिजलेला नाही आणि तरी फाटत चाललाय. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी मी अंगठ्यानं टायर दाबून बघायचो. दाबला की चीर तोंड उघडायची.

चहाच्या टपरीवर ज्याला त्याला कारण माहीत होतं.

“हवा लई मारतो तू.”

“पत्र्याखाली तापतंय ते, राव.”

“शेटनं जुना माल चिकटवलाय. पोरगं लांबचं, बोलणार कोण?”

हे शेवटचं माझ्या मनात बसलं. मी हवा कमी करून बघितली, सायकलीवर गोणपाट टाकून बघितलं. झोप उडाली होती. सायकल गेली तर मामांकडं बागेत काम होतंच, पण मग मी फक्त छाटणीला आलेला आणि मागं राहिलेला माणूस.

शेवटी चाक काढून शेटजींकडं गेलो. रागानंच गेलो होतो, पण दुकानात शिरल्यावर हळूच विचारलं.

“माल जुना होता का, शेटजी?”

त्यांनी चष्मा वर केला. “खोक्यावरची तारीख तुला दाखवली होती ना भाऊ? नवा होता.” टायर नखानं उकरला, बोट नाकाशी नेलं आणि मग चाकच माझ्या तोंडासमोर धरलं. “घे, वास घे.”

डिझेलचा वास. धुतल्या-पुसल्या टायरात मुरलेला.

“ट्रॅक्टरचं रबर जाड, त्याला वरवर लागतं, दहा वर्षांत काय व्हायचं ते होईल. तुझा हा पापुद्रा. डिझेल रबर खातं. कोण लावतं?”

मी म्हणालो, “माहीत नाही.”

शेटजींनी चाक माझ्या हातात परत दिलं. “घरचंच कुणी असेल,” ते म्हणाले. “बाहेरचा माणूस कशाला एवढं डिझेल घालवेल?”

परत येताना माझ्या डोक्यात एकच. मामांना सांगायचं कसं? न सांगावं तर पुढची अमावस्या शर्यतीच्या आधीच पडत होती. सांगावं तर ज्या माणसानं मला तापात सांभाळलं, त्याला म्हणायचं की तुमच्या मायेनं माझं नुकसान झालं? मामींच्या समोर? मी पाहुणा. मला अजून पाहुणाच म्हणतात.

अमावस्या आली. मी मुद्दाम बागेत गेलो नाही. मामांनी पिकअप धुतली, ट्रॅक्टर धुतला, डबड्यात डिझेल ओतलं. बोळा पिळत आधी माझ्याच सायकलीकडं वळले.

“मामा, हिला नको.”

“का वो पावणं? तुमचं काय विमान हाय व्हय, येगळं ठिवायला?”

दारातून मामी हसल्या. “शरत हाय त्यांची. नटवा चांगलं.”

मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, खाली बघून सांगितलं. मामांनी बोळा खाली ठेवला. उकिडवे बसले आणि टायर दाबला. चीर उघडली. दुसरीकडं दाबला, तिथंही उघडली. पुढचा, मागचा, सगळीकडनं दाबून बघितलं. मामींचं हसू कधीच थांबलं होतं.

“म्हंजे मीच खाल्ला की ह्यो,” मामा म्हणाले.

“तसं नाय मामा...”

“मग कसं? ह्यो बोळा काय तुमी फिरवला व्हता?” त्यांनी डबडं बाजूला ठेवलं. त्या दिवशी पिकअपचे टायर पुसायचे राहिले.  मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतील. असं काही त्यांच्या मनातही नसणार, पण मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मामा टोमॅटो घेऊन मार्केटला गेले ते दुपारी एक नवा टायर घेऊन आले. शेटजींकडं त्या मापाचा एकच शिल्लक होता, दुसरा यायला शर्यत होऊन गेली असती. “फुडं नवा घालू,” मामा म्हणाले. “मागं गेटर टाकू.” गेटर म्हणजे टायरच्या आतून चिकटवायचा जाड तुकडा. जिथं चीर सगळ्यात खोल होती तिथं त्यांनी जुन्या टायरचा तुकडा घासून घासून पातळ केला आणि आतून बसवला.  मी म्हटलं, मी करतो. “बसा गप,” म्हणाले.

शर्यतीच्या सकाळी जुन्नरला धुकं होतं. सायकल पळायला लागली की मागचा टायर प्रत्येक फेऱ्याला गेटरवर उचकी लागल्यासारखा ठक करायचा. घोडेगावकडच्या घाटात चढाला मी पहिल्या घोळक्यात होतो. मागं मामांची पिकअप होती, ते लांबून कळत होतं, कारण तिचा हॉर्न फाटका आहे. पण उतार लागला आणि माझी बोटं ब्रेकवर गेली. ती निघेचनात. बाकीची पोरं दगड सोडल्यासारखी खाली गेली. मी प्रत्येक वळणाला ती ठक ऐकत होतो आणि वाट बघत होतो, आता फुटेल, आता फुटेल.

फुटला नाही. तेच मला अजून टोचतं. मंचरच्या पुढं सपाटीला मी जीव तोडून सायकल मारली. रस्त्यावर उसाचं पाचट पडलं होतं, ट्रॉल्या बाजूला घेतल्या होत्या. पहिला घोळका मला दिसत राहिला, सापडला नाही. पारगावला मी एकटाच आलो, त्यांच्या मागून, दुसऱ्या घोळक्याच्या पुढं.

सरांनी आधी मागचा टायर दाबून बघितला. “यावर घाट उतरलास?” आवाज चढला होता. मी मान खाली घातली. मामा पिकअपमधून उतरून आले आणि माझ्या आधी बोलले. “त्यो टायर माझ्यामुळं गेलाय सायेब. पोराचा दोष न्हाई.” आणि सगळं सांगितलं, बोळ्यासकट, भर गर्दीत.

सरांनी पुन्हा एकदा मागचा टायर दाबून बघितला. मग म्हणाले, “पाऊस लागेपर्यंत राहू दे तुझ्याकडं. मग बघू.”

म्हणजे गेली नाही, आणि राहिलीही नाही. पाऊस लागायला अजून अवकाश आहे, पण मी आत्तापासूनच आभाळाकडं बघतो. आता अमावस्येला गाड्या पुसायच्या आधी मामा मामींच्या जुन्या लुगड्यानं माझी सायकल झाकतात, आणि लिंबू-मिरची तेवढी लुगड्यावरून बांधतात.

त्या दिवशी पारगावहून निघताना सायकल मागच्या हौद्यात टाकली तेव्हा मी पिकअपची चाकं बघितली. घासून पार गोटा झालेत. एकाची तर आतली तार दिसतेय. त्याच चाकांवर मामा रोज मार्केटला जातात, आणि त्याच चाकांवर माझ्यासाठी नवा टायर घेऊन आले होते. मी काही बोललो नाही, बोललो असतो तर हसले असते. पण इथं लिहून ठेवतो. मामा, एक दिवस तुमच्या पिकअपची चारही चाकं मी नवी घालीन. कितीही वर्षं लागोत, घालीन.