वहिनींच्या सीटवर बसलेला दादा

दादा गेल्याचं मला कळलं ते काळेवाडीच्या भाजीबाजारात, हातात मेथीची जुडी धरून. वहिनींचा फोन आला. रडणं नाही, आवाज चढलेला नाही. "भावजी, जरा येता का? हे दुपारचे झोपलेत ते उठतच नाहीयेत..." मी बावळटासारखं म्हणालो, "झोपू द्या की, दमला असेल." त्यांच्या घरी पोचेपर्यंत मी स्वतःलाही तेच सांगत होतो, दमला असेल. जुडी हातातच राहिली होती.

त्याला आता महिना-दीड महिना झाला. माझा हा थोरला भाऊ आयुष्यभर चाकणच्या एका कारखान्यात फ्लायव्हील बनवत होता. इंजिनाच्या टोकाला गरगरणारी ती जड लोखंडी चकती. मी भोसरीला, क्लचप्लेटच्या कारखान्यात. माझी प्लेट त्याच्या चकतीला चिकटली की गाडी पळते, सुटली की थांबते. आमचं लहानपणापासून साधारण तसंच होतं. आमच्या भागात निम्म्या घरांत कुणीतरी गाडीचा एकच तुकडा जन्मभर बनवत असतं, अख्खी गाडी कुणालाच कळत नाही. पण नातेवाईक आम्हा दोघांना गाडीतले तज्ज्ञ समजायचे आणि आम्हीही कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

निवृत्त झाल्यावर दादानं एक जुनी व्हॅन घेतली. सगळ्यांनी नावं ठेवली. पण वहिनींच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, रिक्षात चढणं-उतरणं जमेना. ह्या व्हॅनचं दार सरकवलं की त्या न वाकता आत जाऊन बसायच्या. पिंपळे सौदागरला फिजिओथेरपीला, येताना ताथवड्याला बहिणीकडे... त्यांचं घराबाहेरचं जग त्या सरकत्या दारातून सुरू व्हायचं.

आणि मग क्लच गेला. आरसी बुकावरचं मॉडेल बघून मी ऐटीत नवा सेट आणला. मेस्त्रीनं गिअरबॉक्स उतरवला, सेट लावून बघितला आणि म्हणाला, "भाऊ, बोल्टची भोकं जुळत न्हाईत." आधीच्या मालकानं कधीतरी दुसऱ्याच मॉडेलचं इंजिन बसवून घेतलेलं, फ्लायव्हीलसकट. शहाण्या माणसानं सेट परत केला असता. दादानं फ्लायव्हील काखोटीला मारलं. "भोकंच पाडायचीत ना? आपण जन्मभर दुसरं काय केलं?" ओळखीच्या वर्कशॉपमधून त्यानं अशी देखणी भोकं पाडून आणली की मेस्त्रीसुद्धा त्यांवरून बोट फिरवत राहिला.

गाडी चालू झाली. पण क्लच सोडला की आधी थरथरायची आणि मग ढुशी दिल्यासारखी पुढे जायची. पहिल्याच सिग्नलला वहिनींच्या तोंडून "आई गं" निघालं. दादा म्हणाला, "तुझी प्लेट भिकार." मी म्हणालो, "तुझं फ्लायव्हील वाकडं." मेस्त्री म्हणाला, "चालतीय की राव, अजून काय पायजे?" आणि वहिनी म्हणाल्या, "मला मेलीला कुठं जायचंय? घरीच बरी आहे मी." पुढच्या आठवड्यात त्या फिजिओथेरपीला गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. बहिणीला फोनवर सांगितलं, आता तूच येत जा.

मग एका सकाळी दादानं मला व्हॅन चालवायला बसवलं आणि स्वतः मागे, वहिनींच्या सीटवर जाऊन बसला. कमरेला त्यांचा मणक्याचा पट्टा आवळून! "मोकळ्या रस्त्याला घे. मी म्हणेन तिथं थांबव, परत उचल." माझा पाय मुळात बैलगाडीच्या लायकीचा, दर वेळी आम्ही दोघं देवाला नमस्कार केल्यासारखे पुढे झुकायचो. मला हसू आवरेना. "परत," तो म्हणायचा. "परत." आरशात बघितलं तर डोळे मिटून बसला होता. "तिला हे असं लागतं होय..." एवढंच म्हणाला. माझं हसू तिथंच थांबलं.

गिअरबॉक्स पुन्हा उतरला. जुन्या प्लेटनं घासून घासून फ्लायव्हीलवर एक गोल पायरी पाडली होती, आणि आमची नवी, जराशी मोठी प्लेट कडेनं त्या पायरीवर चढत होती. "म्हणजे चूक माझीही नाही, तुझीही नाही," मी म्हणालो. "म्हणजे दोघांची," दादा म्हणाला, आणि देखण्या भोकांचं ते फ्लायव्हील त्यानं स्वतःच्या हातानं भंगारात टाकलं. मग इंजिनाचा नंबर कागदावर उतरवून जुन्या पार्टच्या दुकानांतून आमची वणवण. त्याच जातीचं फ्लायव्हील, त्याच मापाची प्लेट असं जुळवून बसवलं, तेव्हाही तो आधी स्वतः पट्टा बांधून मागे बसला. बराच वेळ फिरवल्यावर म्हणाला, "हां. आता तिला बोलव."

तेव्हापासून अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत वहिनींची फेरी चुकली नाही.

परवा त्यांना न्यायला मी गेलो. त्या दार सरकवून बसल्या. मी श्वास रोखून क्लच सोडला, व्हॅन लोण्यासारखी निघाली आणि मागून आवाज आला, "थांबा भावजी."

"लागलं का?" मी ब्रेक दाबत विचारलं.

"नाही हो. गाडी काढायच्या आधी हे एकदा मागं वळून बघायचे. मी मान हलवली की मग सोडायचे."

मी वळलो, अगदी खांद्यातून. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. बराच वेळ त्यांनी मान हलवली नाही... मीही क्लच दाबून बसून राहिलो.