सोसण्यापेक्षा गोळी बरी

माझी खालची अक्कलदाढ हिरडीत आडवी रुतली होती. ती काढायला मी वणीहून यवतमाळला बाबांकडे आले. दातांच्या डॉक्टर बाईंनी हिरडी कापली, दाढेचे तुकडे करून बाहेर काढले आणि टाके घातले. निघताना त्यांनी बजावलं, "आत्ता काही जाणवणार नाही. पण बधिरपणा उतरायची वाट पाहू नका. त्याआधीच काहीतरी खाऊन पहिली गोळी घ्या. दुखणं एकदा चढलं की उतरायला फार वेळ लावतं."

मला ते पटलं. घरी आल्यावर ओठ अजून परक्याचा वाटत होता, दुखणं तर नावालाही नव्हतं. तरी चमच्याने गार दही पोटात ढकललं आणि गोळी घेतली.

बाबा समोरच बसले होते. पाय मुरगळलेला असतानाही सायकल हाणत कचेरीत जाणारा माणूस.

"दुखून नाही राह्यलं, तं गोळी कायले घेतेस?"

"दुखू नये म्हणून," मी कसंबसं बोलले.

"आम्ही लवंग धरत होतो दाताखाली. माणसानं थोडं सोसावं."

वाद घालण्यासारखं माझं तोंडच नव्हतं. मी मोबाईलवर पुढच्या गोळीचा गजर लावला आणि गालावर बर्फाचा रुमाल धरून पडून राहिले. दुखलं नाही असं नाही. संध्याकाळी जबड्यात जड ठणका लागला, पण तो माझ्या आवाक्यातला होता. दुसऱ्या दिवशी गाल आणखी सुजला, तेव्हा डॉक्टरांना फोन केला. दोन-तीन दिवसांत सूज उतरेल, म्हणाल्या, आणि तसंच झालं. मी शाळेतल्या माझ्या वर्गाचे पेपर तपासायला घेतले.

त्या रात्री जेवताना माझं लक्ष बाबांच्या ताटाकडे गेलं. पोळी वरणात पार भिजवून ते एकाच बाजूने चावत होते.

"बाबा, दाढ दुखते का?"

"कायची दाढ!"

सकाळी मात्र माझ्या गोळ्यांचं पाकीट त्यांच्या हातात दिसलं.

"यातली एक मले चालंल का?"

मी पाकीट काढून घेतलं. "अजिबात नाही. तुम्ही बीपीची गोळी घेता, पोटात आग होते म्हणता. तुमचं औषध डॉक्टरच ठरवतील. चला."

त्यांना गाडीवर मागे बसवून नेलं. त्यांची दाढ मुळापर्यंत किडली होती, काढावीच लागली. डॉक्टरांनी त्यांच्या रोजच्या औषधांची बारीक चौकशी केली आणि वेगळीच गोळी लिहून दिली. घरी आल्यावर मी ती समोर ठेवली. त्यांनी दोन चमचे दही खाल्लं आणि ती घेतली.

दुपारी ते टीव्हीवर मॅच पाहत होते. चेहरा शांत होता. मी विचारलं, "कधीपासून दुखत होती?"

"दिवाळीपासून."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगून का दुखायचं थांबते?"

"थांबते," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं, रिमोट उचलून आवाज वाढवला आणि मॅच शेवटपर्यंत पाहिली.