सेल्वमचे सहा आकडे

लष्कराच्या सिग्नल्समधली माझी हवालदारकी आकड्यांवर चालली. उत्तरेतल्या एका पहाडी चौकीवरून डोक्याला मार लागून मी तंजावूरला आलो, राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत, सिक लीव्हवर. रजा संपली की मेडिकल बोर्ड. डॉक्टर सात आकडे सांगणार, मी ते लगेच तसेच म्हणायचे. नाही जमलं तर वायरलेस सेट कायमचा सुटला.

बायको कमळा शाळेत गणित शिकवायची. रोज कॉफी झाली की ती पेपरातल्या जाहिरातींमधले फोन नंबर वाचायची. रंगीत टीव्ही नि स्कूटरच्या जाहिरातींना तेव्हा ऊत आला होता. चार आकड्यांपर्यंत मी ठीक असे, पुढे घसरे. मग तिने युक्ती काढली: आधी तीन आकडे, एक श्वास, मग चार. फरक पडला. तरी मधेच तोंडातून भलतेच आकडे निघत. मी चिडून पेपर भिरकावी, आणि बोलणी मात्र तिला बसत.

एका सकाळी ती म्हणाली, "चुकतां तें रोज एकच. चार एक सात, दोन शून्य सहा. कोणाचा नंबर अहे हा?"

सांगावंच लागलं.

लान्स नाईक सेल्वम इथल्याच पापनाशम गावचा, माझ्या हाताखालचा. गस्तीबरोबर सेट घेऊन गेला होता. दुपारी त्याचा आवाज आला.

"दोन जखमी. लोकेशन, फिगर्स चार एक सात दोन शून्य सहा. ओव्हर."

आमचा नियम असा: ऐकणाऱ्याने आकडे परत म्हणायचे, सांगणाऱ्याने 'करेक्ट' म्हणायचं. तोवर निरोप पुरा होत नाही. मी परत म्हटले. उत्तर नाही. पुन्हा म्हटले.

सुभेदारसाहेब म्हणाले, "चलो."

नकाशावर त्याच आकड्यांची जागा काढून आम्ही पोचलो. दोन्ही जखमी जिवंत होते. सेल्वम सेटवर ओणवा पडला होता, गेलेला. परतताना आमची गाडी दरीत घसरली, तेव्हाचा हा मार.

कमळाने पेपर मिटला. "त्याच्या आईकडे गेलांत?"

"नाही."

"सरी, बरं. आधी तें करा."

मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं. बोर्ड तोंडावर असताना मी पापनाशमची बस धरली. बोर्डात पुढे पास झालो आणि पेन्शनीपर्यंत सेटवरच राहिलो, पण त्या दिवशी बसमध्ये मला परत फिरावंसं वाटत होतं.

म्हातारी ओसरीवर भात पाखडत होती. मी सेल्वमचा हवालदार म्हणून माझं नाव सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"शेवटी काय बोलला माझा पोरगा?" तिने तमिळमध्ये विचारलं.

दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं. मी सहा आकडे सांगितले. "त्यावर दोन माणसं वाचली, अम्मा."

बाई निरक्षर. डोळे मिटून, एकेक आकडा जपून, तिने सगळे परत म्हटले.

मी म्हटलं, "करेक्ट."