पालक-शिक्षक संघाचे उपाध्यक्ष आज कुठे होते?

तिसरीच्या पालकांनो, आपलं मूल कोणत्या वर्गात आहे हे तरी आठवतंय ना? मी रेवाची आजी. मी बोलतेय, ती टाईप करतेय.

शाळा सुटताना रोज दोन पालकांनी फाटकाशी उभं राहायचं, हे सभेत तुम्हीच ठरवलंत. आज मी एकटीच होते. द्वारका चौकाकडून रिक्षा सुसाट आली आणि मी एका पोराला दप्तर धरून मागे ओढलं.

ते रडत म्हणालं, "आजी, आज माझ्या पप्पांचा नंबर होता."

त्याचे पप्पा संघाचे उपाध्यक्ष. संघात नाव हवं, फोटोत पुढची खुर्ची हवी, रस्त्यावर मात्र म्हातारी. माझी सून अंबडला कामावर असते, म्हणून तिच्या जागी मी येते. तुमच्या घरात कुणीच नाही?

उद्याही मी उभी राहीन. उपाध्यक्षांनी माझा डबा स्वतः घेऊन यायचं. मऊ भाकरी, पिठलं, आणि मिरची बेताची.