भिकुअक्काचा वार

पिंपळनेरच्या वर, डोंगराला लागून आमचं खैरपाडे. धुळ्याकडचे पाहुणे पावसाळ्यात आले की म्हणतात, तुम्हाला काय कमी, नुसतं पाणीच पाणी. खरं आहे. आषाढ-श्रावणात आमच्या घरांच्या भिंतींना ओल सुटते, नाला दोन्ही काठ सोडून वाहतो. पण ते सगळं पाणी उतारानं खाली निघून जातं. संक्रांत ओलांडली की वरच्या अंगाची वावरं कोरडी ठाक, आणि खाली पाझर तलावाच्या आसपास ज्यांच्या विहिरी त्यांचा गहू, ऊस, कांदा हिरवागार. एकाच शिवारात हे दोन देश आहेत. भिकुअक्काचं भांडण समजायचं तर एवढं आधी ध्यानात घ्यावं लागतं.

मी अमृत, तिचा शेतशेजारी. माझ्या आणि तिच्या भावांच्या वावरात एकच बांध. जे झालं त्यातलं बरंचसं मी त्या बांधावरून पाहिलं, आणि पंचनाम्यावर माझी सहीही आहे. आमची बोली अहिराणी. सगळ्यांना कळावं म्हणून इतरांचं बोलणं मी सरळ करून लिहितोय. अक्काचं मात्र, आणि क्वचित दुसऱ्या एखाद्या बाईचं, जमेल तिथं तसंच ठेवलंय, कारण ते सरळ केलं की त्यातला तिखटपणा जातो.

अक्का तिघा भावंडांत थोरली. तिच्यामागे पंडित, मग भाईदास. तिच्या आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून हिचं नाव भिकुबाई. वडिलांनी, तोतारामआबांनी, खालच्या वावरात विहीर खणायला घेतली तेव्हा तिची चौथी झाली होती. शाळा तिथंच सुटली. आबा आणि गडी खाली सुरुंगाची भोकं पाडायचे, आणि अक्का आईबरोबर मुरमाच्या पाट्या डोक्यावर वाहायची. भाऊ शाळेत जायचे. विहिरीला पाणी लागलं आणि पुढच्या काही वर्षांत तिचं लग्न निजामपूरकडे लागलं.

नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं, दिरांनी घरात ठेवलं नाही, ती माहेरी आली. आली ती कोणाच्या दारात बसून राहिली नाही. भावांच्या वावरात राबली, आधी आईचं आणि मग आबांचं म्हातारपण काढलं. बोलायला फटकळ. एसटीत बायांच्या जागेवर बसलेल्या गड्याला उठवल्याशिवाय ती पुढं सरकत नसे, मग तो ओळखीचा असो की फौजदार.

आबांचं वर्षश्राद्ध झालं आणि पंडितनं साक्रीला जायचं काढलं. हक्कसोड करायची होती. आमच्याकडे हे ठरलेलंच असतं. बाप गेला की बहिणी येतात, जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही करतात, भाऊ साडी घेतात, जेवण होतं, विषय संपतो. पंडित आता गावचा मोठा माणूस, सोसायटीचा चेअरमन, लोक त्याला पंडितनाना म्हणतात. त्यानं अक्काला मोरपंखी साडी आणली. ती नेसूनच अक्का जीपमध्ये बसली.

कचेरीत साहेबांनी नेहमीचं विचारलं, "मावशी, राजीखुशीनं हक्क सोडताय ना? कोणाची जबरदस्ती नाही?"

"नही सोडस," अक्का म्हणाली.

साहेबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा विचारलं. अक्कानं पुन्हा तेच सांगितलं, या वेळी मोठ्यानं, आणि पुढं म्हणाली, "मले मन्हा वाटा पाहिजे."

भाईदास खाली बघत राहिला. बाहेर आल्यावर पंडितनं दात आवळून विचारलं, "साडी नेसून आलीस, अक्का, आणि आता हे?"

"माया म्हनीसन आणी व्हई, तर ऱ्हाऊ दे मन्हा आंगवर," अक्का म्हणाली. "सहीना मोबदला म्हनीसन आणी व्हई, तर आठेच सोडी देस."

साडी इथंच सोडून देते म्हटल्यावर कचेरीच्या आवारात चार माणसं हसली. पंडितनं जीप सुरू केली आणि तिला तिथंच सोडून गेला. अक्का एसटीनं आली, तीच साडी नेसून.

पुढे वाटणी झाली. कायदा मुलीलाही सारखा वाटा देतो, आणि पंडितला कोर्टात नाव घालवायचं नव्हतं. पण डोकं त्यानं चालवलंच. खालची काळी जमीन दोघा भावांनी घेतली आणि अक्काला वरचा उताराचा तुकडा दिला, सगळा मुरूम आणि दगडगोटे. अक्कानं तो घेतला. एका गोष्टीवर मात्र ती अडून बसली. विहीर पंडितच्या वाटणीत येत होती. "इहीर तिन्हीस्नी शे, आसं लिखा," ती तलाठी मॅडमना म्हणाली. पंडितनं हरकतसुद्धा घेतली नाही. "लिहा," तो हसून म्हणाला. "कागदावर लिहिलं म्हणून पाणी चढ चढत नाही."

पावसावर अक्कानं नागली आणि मका घेतला, बरा पिकला. दिवाळीनंतर तिनं उन्हाळ कांद्याचं रोप टाकलं आणि पंडितकडे गेली. सामाईक विहिरीला आमच्याकडे वार लावतात. ज्याचा वार, त्या दिवशी विहिरीचं पाणी त्याचं. अक्कानं आपला वार मागितला.

पंडित ओट्यावर बसला होता. तो उठलाही नाही. "जमीन कायद्यानं घेतलीस ना? मग पाणी माझ्याकडे कशाला मागतेस? कायद्याकडेच माग."

"मांगसू," अक्का म्हणाली. "तवलोंग रोप मरू नही देस."

त्या हिवाळ्यात सगळ्या गावानं पाहिलं. सकाळ झाली की अक्का डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढायची आणि मग वरच्या वावरापर्यंत चढ चढायची. विहीर काठोकाठ भरलेली. शेजारी पंडितची मोटर चालू, त्याच्या उसातलं जास्तीचं पाणी फुटून नाल्याला लागलेलं, आणि ही हंड्यानं रोप शिंपतेय. हंड्याला अडवायची हिंमत कोणाला नव्हती. पंडितनं वाटेवर बाभळीची काटेरी फांदी टाकून पाहिली, ती अक्कानं उचलून स्वतःच्या चुलीला लावली. मी एकदा म्हणालो, "अक्का, कशाला जीव काढतेस? माझ्याकडून एखादा टँकर..."

"नको. बठ्ठा गावनी देखाले पाहिजे," ती म्हणाली. सगळ्या गावाला ते दिसायलाच हवं होतं तिला, म्हणून ती तशीच पुढं गेली.

तलाठी ज्योत्स्ना मॅडमही ते येता-जाता पाहत होत्या. त्यांनीच एक दिवस अक्काला बसवून सांगितलं की पाण्यावर हक्क असेल आणि मधे दुसऱ्याची जमीन येत असेल, तर त्या जमिनीतून कमीत कमी नुकसान करून नळी नेण्याची सोय महसूल कायद्यात आहे. परवानगी तहसीलदार देतात. अक्कानं शेळ्या विकून एक जुनं डिझेल इंजिन घेतलं आणि साक्रीला अर्ज केला.

तारखा पडत गेल्या. शेवटी जागेची पाहणी ठरली. त्या दिवशी नायब तहसीलदार आले, मॅडम आल्या, पंडितचा वकील आला, आणि पंडितनं बोलावलेले गावचे जाणते लोक आले. त्यात सगळ्यात वडील प्रेमराजआबा.

वकिलानं विचारलं, "बाई, लग्न होऊन तुम्ही दुसऱ्या गावी गेलात. या विहिरीशी तुमचा संबंध काय?"

"खंदी शे मी," अक्का म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तिनं खणली आहे, साहेब," मी मधेच बोललो. "आईबरोबर पाट्या वाहिल्यात तिनं. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा." पंडितनं माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवतं.

प्रेमराजआबांनी घसा साफ केला. माणूस चांगला, मनात कपट नाही. म्हणाले, "पोरी, बहीण ओवाळते, भाऊ ताटात टाकतो, असं हे नातं. सरकारला मधे घालून ते तोडू नको. मी पंडितला सांगतो, तो देईल तुला मधून-मधून पाणी."

अक्का त्यांच्या पाया पडली. मग उभी राहून म्हणाली, "आबा, मी ववाळणी नही मांगस. ववाळणी भाऊना मनवर. वार मन्हा शे. तो मधून-मधून नही, दर पाळीले पाहिजे."

 नायब तहसीलदारांनी पट्टी धरून बांध मोजायला लावला आणि पंचनामा लिहून घेतला.

निकाल आला. पहिला वार भाईदासचा, दुसरा पंडितचा, तिसरा अक्काचा. नळी बांधाच्या कडेनं, नांगराच्या फाळाला लागणार नाही इतकी खोल पुरायची, आणि पिकाचं नुकसान झालं तर भरपाई अक्कानं द्यायची. पंडितनं लगेच प्रांताकडे अपील केलं, पण स्थगिती मिळाली नाही.

आता चर खणायचा होता, तर गावात एक मजूर येईना. चेअरमनशी वाकडं कोण घेणार? अक्कानं पदर खोचला आणि एकटीच खणायला लागली. जमीन कडक, टिकाव उसळून परत यायचा. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, तिच्या मागे आणखी एक बाई वाकून माती ओढत होती. ती दिपमाला, भाईदासची बायको. भाईदास धावत आला. "घरी चल," तो दबक्या आवाजात म्हणाला, "नाना काय म्हणेल?"

दिपमाला शिंदखेड्याकडची, कधी तोंड वर करून न बोलणारी. ती म्हणाली, "मी बी माहेरले सही करी दिन्ही व्हती. साडी कव्हयच फाटी गई. सही तशीच शे." आणि पुन्हा माती ओढू लागली.

 भाईदास परत गेला, आणि दुपारी आला तेव्हा त्याच्या हातात फावडं होतं. संध्याकाळपर्यंत आणखी तीन बाया आल्या, आणि बांधाच्या माझ्या बाजूनं मीही.

नळी पुरली गेली. अक्काच्या पहिल्या वाराला ती इंजिन घेऊन विहिरीवर आली, तर पंडितची मोटर चालू. तो स्वतः तिथंच खुर्ची टाकून बसलेला. तो काही बोलेल म्हणून सगळे थांबले. अक्का सरळ त्याच्या शेजारून स्टार्टरच्या पेटीकडे गेली आणि लाल बटण दाबलं. मोटर थांबली. विहिरीत ठिबकणारं पाणी ऐकू आलं.

"आज मन्हा वार शे, पंडित," ती म्हणाली. तिनं इंजिनाला दोरी मारली. थोड्या वेळानं वरच्या तुकड्यातून दिपमालाची आरोळी आली, "उना! पानी उना!" पाणी वर पोचलं होतं.

पंडितनं खुर्ची उचलली आणि घरी गेला. नंतर त्यानं तिच्या वाराला मोटर लावली नाही. बोलणंही बंद केलं.

या माघात त्याचा गहू दुधात आला होता आणि ऐन त्याच्या वाराला मोटर जळाली. दुरुस्त होऊन मिळाली तेव्हा दिवस संपला होता, आणि दुसरा दिवस अक्काचा. गव्हाला आधीच ताण बसला होता; पाळी फिरून येईपर्यंत थांबलं असतं तर दाणा पोचट राहिला असता. त्याची बायको अक्काकडे निरोप घेऊन आली. अक्का कांद्याच्या वाफ्यात होती. म्हणाली, "तेले सांग, सोता ये."

तो आला. माझ्या बांधावर उभा राहिला, कारण तिच्या वावरात पाय टाकायचा की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं.  तिथूनच म्हणाला, "अक्का, उद्याचा वार मला दे."

"कोना वार?"

"तुझा."

"दिन्हा," अक्का म्हणाली. एका क्षणात, काही अट न घालता. तो वळून निघाला तेव्हा मात्र तिनं मागून हाक मारली, "पंडित! आवता महिनामा अपीलनी तारीख शे. तठे बी आसंच सांग."

तिथं मात्र हा वार अक्काचा आहे असं त्यानं सांगितलं नाही. अपील अजून चालूच आहे. अक्का दर तारखेला सकाळच्या एसटीनं जाते, आणि अलीकडे दिपमालाही सोबत असते. तिनं माहेरच्या सहीबद्दल एका वकिलाला विचारलंय. काही होईल की नाही, वकील सांगत नाही.

"इचाराले काय जास?" अक्का म्हणते.